श्वास सोडेपर्यंत

१

सासूबाईंनी मोबाइल शिकायला घेतला तेव्हा त्यांना बहात्तरावं लागलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध धुरकट डाग बसून वर्ष झालं होतं. कडेनं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. दारात कुणीतरी उभं आहे एवढं कळे, चेहरा कळत नसे. डॉक्टर म्हणाले, हा डाग आता जायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. मी त्याच्या कडेनं जाईन."

शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. रस्त्याकडे शटर, त्याच्या आत घंटी लावलेलं काचेचं दार, दाराला लागून पायमशीन, मग कापायचं टेबल, फळीवर बटणांच्या बरण्या, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा ओढून केलेली मापाची जागा. पन्नास वर्षं या कोपऱ्यात त्यांनी माणसं उभी केली होती. कोट, झगे, शाळेचे गणवेश, नवरदेवांचे सदरे. आता टेपवरचे आकडे दिसेनात म्हणून त्यांनी दर इंचाला दोऱ्याची बारीक गाठ मारून घेतली, दर पाचाला दोन. बोटं गाठी मोजायची, तोंड आकडा बोलायचं, आणि तो लिहून ठेवायचा मोबाइलनं.

हा मोबाइल त्या कशा शिकल्या ते सुनेनं स्वतः पाहिलं होतं, म्हणून तिला त्यांचा धाक कमी आणि कौतुक जास्त होतं. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं वाचन कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून केलेलं. मोबाइलही त्यांनी तसाच उलगडून काढला. काचेवर बोट ठेवलं की आतली बाई सांगते कशावर बोट आहे, दोनदा टिचकी मारली की ते काम होतं. एवढं सुनेनं दाखवलं, पुढचं सगळं त्यांनी तीन आठवड्यांत चुकून-माकून, वाचणाऱ्या बाईशी भांडून शिकून घेतलं. "किती बोलते ही! हिच्या सासूनं हिला घरात कसं ठेवून घेतलं असेल?" असं म्हणत म्हणत. मोबाइलसाठी त्यांनी कोटाच्या अस्तराची पिशवी शिवली आणि टेपशेजारी गळ्यात घातली.

त्यांचे नियमही त्यांचेच. चार्जिंगला लावायचा तो खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, चिंध्यांच्या ढिगाजवळ नाही आणि उशीखाली तर मुळीच नाही. काम संपलं की कुलूप लावायचं. काही पुसायचं तर तो विचारतो "खात्री आहे का?", तेव्हा एक श्वास घेऊन मगच हो म्हणायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी घोकून घ्यायला लावला होता: कुणी विचारलं म्हणून सांगायचं नाही.

एकदा समोरच्या निवृत्त नर्सबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी बँकेचा साहेब होता, कार्ड बंद पडतंय म्हणून मेसेजमध्ये आलेला आकडा मागत होता. सासूबाईंनी मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला.

"साहेब, तुम्ही फोन केलात ना? मग गरज तुमची. बसा."

आणि बंद केला.

"अहो, पण खरंच बँक असली तर?" नर्सबाई रडवेल्या झाल्या.

"तर कार्डामागे छापलेला नंबर आहे, तो आता आपण लावू. आपण लावला की समोरचा कोण ते आपल्याला माहीत असतं. तुम्ही तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात, आणि एका आवाजाला घाबरता?"

मापाच्या बाबतीतली त्यांची खुबी मात्र मोबाइलच्या फार आधीची. कमरेला टेप लागली की झाडून सगळी माणसं पोट आत ओढतात. कुणी कबूल करत नाही, पण ओढतात. सासूबाई तेव्हा आकडा बोलत नसत. टेप धरून गप्प उभ्या राहत. दहा मोजेपर्यंत नाही तर वीस, कधीतरी माणसाला श्वास सोडावाच लागतो. टेप बोटांतून दोन गाठी सरकली की मग बोलत, "कंबर तीस." सून तर हमखास अठ्ठावीस सांगे. "श्वास सोडेपर्यंत टेप धरायची," असं त्या तिला शिकवत, "खरं माणूस त्यानंतर लागतं हाताला."

एवढं सगळं सुरळीत होतं, पण डोक्यावर एक टांगती गोष्ट होती. डोळे गेल्यागेल्या, मोबाइल यायच्या आधी, दोन कपडे वाया गेले होते. एक कोट, एक विजार. सुनेचा नवरा परगावी गोदामात कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्यानं आईला समोर बसवून सांगितलं होतं, "आई, आता तिसरा कपडा चुकला किंवा तुझ्या बोलण्यात काही गफलत दिसली, की शटर खाली. लोकांचं हसू करून घ्यायचं नाही."  त्यावर सासूबाई सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पितळी अंगुस्तान टेबलावर टक्‌टक् वाजवत राहिल्या होत्या.

२

रोज संध्याकाळी पाचला दोघी दिवसाची मापं ऐकायच्या. मोबाइल टेबलावर, वाचणारी बाई सपाट आवाजात वाचायची आणि सून खडूनं कापडावर खुणा करायची.

त्या मंगळवारी पाच गिऱ्हाइकं आली होती. सुनेनं पाच तुकडे काढून ठेवले होते. पाच मापं वाचून झाली आणि बाई थांबली नाही.

"नाव, रिकामं. खांदा चौदा. छाती तेहतीस. कंबर तेहतीस. बाही एकतीस."

सुनेचा खडू हवेतच राहिला. "आई, ही कोण?"

"आली होती," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी."

"दुपारी मी इथंच मशीनवर होते."

"मग तू मान वर केली नसशील."

सुनेनं विचार केला. मशीन दाराला लागून. आत येणाऱ्याला तिच्या खुर्चीला वळसा घालूनच यावं लागतं, आणि दाराची घंटी तर शेजारच्या घरातही ऐकू जाते. तरी तिनं मनाची समजूत घातली. माइक चुकून चालू राहिला असेल. रस्त्यावर कुणी आकडे बोललं असेल. शेजारी रेडिओ असतो. चांगली चार कारणं तिला सापडली, पण एकतीस इंचांच्या बाहीला त्यातलं एकही पुरेना. एवढी बाही म्हणजे उभ्या माणसाचा हात गुडघ्याच्या खाली जायचा. आणि कंबर छातीएवढी! ताग्याला गुंडाळलेल्या कापडासारखी सरळसोट.

"बाई जरा उंचच आहे," सासूबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या आणि मोबाइलला कुलूप लावलं.

बुधवारी गिऱ्हाइकं तीन, मापं चार. "नाव, रिकामं. खांदा चौदा. छाती चौतीस. कंबर बत्तीस. बाही तीस."

गुरुवारी गिऱ्हाईक एकच, नर्सबाई, त्याही फक्त बटणांची काजं करून घ्यायला आलेल्या. तरी एक माप होतंच. "छाती पस्तीस. कंबर एकतीस. बाही सत्तावीस."

सुनेनं ते तीन दिवसांचे आकडे डोक्यात एकाखाली एक मांडले. शिवणारी बाई होती ती, आकड्यांवरून तिला अंग दिसतं. आणि तिला दिसलं की कुणीतरी हळूहळू बाईमाणसासारखं होत चाललंय.

३

आता यातली खरी भीती कसली होती ते सांगायला हवं. भुताखेताचं सुनेच्या मनातही आलं नव्हतं. तिला वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरत चाललं. पडद्यामागे एकट्याच उभ्या राहून त्या नसलेल्या माणसाची मापं बोलतात. हे शनिवारी येणाऱ्या नवऱ्याला कळलं, की शटर खाली. आणि शटर खाली गेलं की ही बाई आतल्या खोलीत खुर्चीवर बसेल, आणि त्या खुर्चीवरून ती फार दिवस उठायची नाही. सुनेला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं नव्हतं, गोडगोडही कधी बोलली नव्हती. पण कात्री धरायला शिकवलं होतं. चुकलं की "हे कापलंस की कुरतडलंस?" आणि बरोबर आलं की खांद्यावर अंगुस्तानाची एक हलकी टिचकी. शाबास हा शब्द त्या तोंडातून कुणी ऐकला नव्हता. ती टिचकी मिळावी म्हणून सुनेनं दहा वर्षं मान मोडून काम केलं होतं.

म्हणून शुक्रवारी तिनं एक चोरटं काम केलं. स्वतःच्या मोबाइलवर आवाज टिपायला लावला आणि तो मापाच्या जागेजवळच्या फळीवर, बटणांच्या बरणीमागे ठेवला. मग कुणाला निरोप द्यायचं निमित्त काढून तासभर बाहेर गेली. परत येऊन स्वयंपाकघरात, नळ थोडा सोडून, कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकत बसली.

बराच वेळ काही नाही. सासूबाईंचं खोकणं. अंगुस्तानाची टक्‌टक्. मग पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज. दाराची घंटी नाहीच, थेट कड्या.

"आलीस? ये. सरळ उभी राहा. हात खाली सोड."

शांतता. त्या शांततेत टेपच्या गाठी बोटांतून सरकल्याचं बारीक सरसर ऐकू येत होतं.

"छाती... साडेपस्तीस. लिही गं."

वाचणाऱ्या बाईनं आकडा परत म्हटला.

पुन्हा शांतता. ही जरा लांबली. पलीकडून कुणी बोलत असावं आणि ते मोबाइलला ऐकू येत नसावं, तशी. कारण तिच्या शेवटी सासूबाई म्हणाल्या, "नाही. ते मी सांगत नाही."

थोडा वेळ गेला.

"तू कुणीही अस. घरच्यांचं माप मी कुणाला देत नाही. ज्याचं त्यानं येऊन द्यायचं."

थोडा वेळ गेला.

"सुनेचं तर नाहीच."

सुनेनं नळ बंद केला. हात ओले होते आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

४

त्याच संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "उद्या दुपारपर्यंत पोचतो. आईचं ठीक ना?"

"ठीक," सून म्हणाली.

"आवाज का असा?"

"कणकेचे हात आहेत." कणीक अजून डब्यातच होती.

शनिवारी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला होता. कुलूप उघडायचा आकडा घरात दोघींनाच माहीत. सुनेनं ठरवलं, नवरा यायच्या आत एकदाचा निकाल लावायचा. मोबाइल आपणहून काही लिहितो का ते पाहायचं. आपणहून लिहीत असला तर दोष यंत्राचा. दुसरं आणू. सासूबाई शहाण्याच्या शहाण्या.

तिनं चार्जरची पिन काढली, मोबाइल घेऊन पडद्यामागे उभी राहिली, माइकच्या चित्रावर बोट ठेवलं. आता काहीतरी बोलायला हवं. आणि शिवणाऱ्या बाईला बोल म्हटलं तर ती काय बोलणार? जे तोंडपाठ आहे तेच.

"खांदा पंधरा," ती म्हणाली. "छाती छत्तीस." काचेवर अक्षरं उमटली, बिनचूक. "कंबर..." खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी तिनं सवयीनं पोट आत ओढलं. "अठ्ठावीस."

आणि ती थांबली. मुद्दामच. ओठ घट्ट मिटून काचेकडे बघत राहिली. न्हाणीघरात तांब्या वाजला. पडद्याची एक कडी दांडीवर किंचित घसरली, वाऱ्यानं घसरते तशी.

काचेवर एक ओळ उमटली.

बाही साडेबावीस.

तिची बाही साडेबावीसच होती.

तिनं स्वतःला सांगितलं, यात काय एवढं? मोबाइल सुचवतो ना पुढचा शब्द. महिनाभर मापं ऐकतोय, छत्तीस छातीला बाही किती लागते तो शिकला असेल. हे कारण बरं होतं. ते घट्ट धरून तिनं आपलं माप तेवढं पुसायला लावलं. "खात्री आहे का?" वाचणाऱ्या बाईनं विचारलं. श्वासबीस न घेता सून "हो, हो" म्हणाली आणि मोबाइल कट्ट्यावर होता तसा ठेवून आली.

५

अकराच्या सुमाराला सासूबाई पडद्यामागे गेल्या. सून मशीनवर होती, आणि आज तिनं मान वरच ठेवली होती. दार बंद. घंटी गप्प. बाहेर रस्त्यावर ऊन, कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून ठेवत होतं. इतका साधा दिवस होता.

"आज उशीर केलास," पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या. "उभी राहा."

समोरच्या आरशात पडद्याची फट दिसत होती. चार बोटांची. सुनेनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि आरशात पाहिलं.

आधी तिला सासूबाईंचे हात दिसले. सुरकुतलेले, शहाणे, घाई नसलेले हात. मग त्या हातांतली टेप दिसली. टेप गोल उभी होती. छातीच्या उंचीवर, हवेत, आतून भरल्यासारखी. कुठेही घडी नाही, झोळ नाही. आणि त्या गोलाच्या आतून पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरची खुंटी दिसत होती.

"छाती छत्तीस," सासूबाई म्हणाल्या.

मोबाइलमधली बाई म्हणाली, "छत्तीस."

हातांनी टेप वर नेली. "खांदा पंधरा." टेप खांद्याच्या बाकावरून वळली, जिथं खांदा नव्हता. मग एक टोक सासूबाईंच्या बोटात राहिलं आणि दुसरं खाली गेलं, मनगटाच्या जागी जाऊन थांबलं. ताणून. ते टोक कुणीतरी धरून ठेवलं होतं. "बाही... साडेबावीस."

इथं सासूबाईंचे हात थबकले.

सुनेला ओरडायचं होतं.  माझी मापं आहेत ती. सकाळी मीच दिली.

 सासूबाईंनी टेप सावकाश कमरेला गुंडाळली, दोन्ही टोकं चिमटीत धरली. आणि पन्नास वर्षं उभ्या राहत आल्या तशा गप्प उभ्या राहिल्या.

सून मनात मोजत होती. दहा. पंधरा. वीस. टेप हलली नाही. तीस. बाहेर सायकलवाल्यानं घंटी वाजवून पाहिली. चाळीस. टेप अठ्ठावीसच्या गाठीवर, जणू लाकडाला बांधली होती. साठ.

"सोड की गं श्वास," सासूबाई म्हणाल्या.

नव्वद. सुनेचा स्वतःचा श्वास कोंडला होता, तिला तो सोडावा लागला.

"माझ्या सुनेची कंबर तीस आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, दुकानातला. "ती बोलते अठ्ठावीस. आणि पोट आत घेऊन विसाच्या पुढे टिकत नाही. तू बोललेलं घेऊन आलीस. माणूस नाही आणलंस."

टेप तशीच.

"जा आता. दुकान बंद आहे."

त्यांचा डावा हात टेपवरून न हलता उजवा गळ्यातल्या पिशवीत गेला. बाजूची दोन्ही बटणं त्यांनी दाबून धरली, रोज दुपारी जेवायच्या आधी धरत तशी. काचेवर विचारलेल्या प्रश्नावर बोट ठेवलं, दोनदा टिचकी मारली. मोबाइल एकदा थरथरून बंद झाला.

टेप गळून जमिनीवर पडली.

पण लगेच नाही. आधी ती गोल आवळत गेली, एक गाठ, दोन गाठी, चिमटीतून सरकत. कुणीतरी अगदी शेवटी, अजून एकदा, पोट आत ओढून पाहावं तशी.

६

"ये इकडे," सासूबाई म्हणाल्या. "मशीन मघाच थांबलं. आरशात बघत होतीस."

सून पडद्यापर्यंत आली, आत पाऊल टाकेना. "आई, कोण होतं ते?"

"मला काय माहीत? नाव रिकामंच सांगायची."

"तुम्हाला ठाऊक होतं? पहिल्यापासून?"

"डोळे गेलेत, बोटं नाही गेली. हात लावला त्याच दिवशी कळलं. गार नाही, गरम नाही. ताग्याला हात लावल्यासारखं."

"मग मापं कशाला घेत राहिलात?"

सासूबाईंनी वाकून, जमीन चाचपून टेप उचलली. ती गुंडाळत त्या म्हणाल्या, "माझी दृष्टी गेल्यापासून इथं येणारं प्रत्येक माणूस दारात घुटमळतं. कपडा टाकू का नको, म्हातारी बिघडवेल का. मला ऐकू येतं ते घुटमळणं. ही एकटी सरळ आत यायची." मग आवाज कडक झाला. "पण तिला मी आकड्यापलीकडे काही दिलं नाही. तुझं रोज मागत होती. तिला कुणी दिलं?"

सुनेनं खाली पाहिलं. "मी. सकाळी. मोबाइल तपासत होते."

"खरं माप बोलून?"

"...हो."

"चाचणीला खरं माप! उद्या बँकेचा आकडाही बोलून बघ, नीट लिहितो का ते!" सासूबाईंचा पारा असा चढला की सुनेला बरं वाटलं. "नर्सबाईंना घोकायला लावलं, गल्लीला लावलं, आणि माझ्याच घरात! बरं तर बरं, खोटारडी आहेस. दोन इंच चोरलेस म्हणून वाचलीस."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की." त्यांनी टेप परत गळ्यात घातली. "भीती वाटली तरी बटण दाबता येतं. बटणाला कुठं कळतं?"

मग त्यांनी सुनेचा हात ओढून तळवा उघडला. अंगुस्तानानं त्यावर काही टिचक्या मारल्या. किती, ते सुनेनं मोजलं.

"आजपासून प्रत्येक मापात एवढं मिळवून मी मोबाइलला सांगणार. कापताना तू वजा करायचं. म्हणजे आत कुणाचंच खरं माप नसेल. हा आकडा बोलायचा नाही. लिहायचा नाही. कुणी विचारला तर सांगायचा नाही."

"नाही सांगणार."

"मी विचारला तरी."

७

नवरा दुपारी आला, जेवला, आणि अपेक्षेप्रमाणे मोबाइल मागितला. आठवड्याची मापं त्यानं एकेक करून वाचायला लावली. बिननावाच्या पहिल्या मापाला त्याच्या कपाळावर आठी पडली.

"बाही एकतीस? हे काय आई? हे तू बोललीस?"

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "मी बोलले. बोलून लिहायचा सराव करत होते. काहीही आकडे टाकत होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर हलवली नाही. मग त्यानं या महिन्यात शिवून झालेले अकरा कपडे टेबलावर पसरले आणि टेप घेऊन स्वतः मोजले. अकराच्या अकरा बरोबर. अकरावा नर्सबाईंचा कोट होता. तो त्यानं परत मोजला, मग आईकडे पाहिलं. ती मशीनच्या तेलाची कुपी चाचपून अचूक जागी ठेवत होती.

"राहू दे शटर," तो म्हणाला. "माझाही एक सदरा टाकून घे, आई."

"उभा राहा. आणि पोट सोड, मी वाट बघणार नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि वाट पाहिलीच.

रविवारी तो गेला. सोमवारी सकाळी दोघींनी मोबाइल उघडला. सदऱ्याच्या मापाखाली एक माप होतं. वाचणाऱ्या बाईनं ते तिच्या सपाट आवाजात वाचलं.

"नाव, रिकामं. कंबर अठ्ठावीस." थोडं थांबून, "तीस."

सुनेच्या हातातला खडू मोडला. सासूबाई मात्र बराच वेळ मान तिरकी करून, त्या डागाच्या कडेनं मोबाइलकडे बघत राहिल्या. एका कारागिरानं दुसऱ्याचा टाका बघावा, तशी ती नजर होती.

"शिकली," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत."

मग मोबाइल बंद करून, कट्ट्यावर ठेवून, त्या चहा टाकायला आत गेल्या. सुनेनं शटर वर ओढलं. ऊन आत आलं, टेबलाच्या पायापर्यंत. ती पाठमोरी उभी राहून खडूचे तुकडे वेचत होती, तेव्हा पडद्याच्या कड्या सरकल्या.

"अगं," सासूबाईंचा आवाज आला. तोच, जरा वैतागलेला, घाईतला. "तो आकडा किती ठरला होता आपला? विसरले बघ मेली."

सुनेच्या ओठांवर आकडा आला होता. जिभेच्या टोकावर. दहा वर्षं या आवाजानं विचारलं की तिनं उत्तर दिलं होतं. कात्री कुठं आहे, दोरा कुठला, कितीचं काज. तिनं तोंड उघडलंही.

आणि मिटलं.

"बहिरी झालीस का? किती ते सांग, मला कापायचं आहे."

सुनेनं मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. पडद्यामागून काहीच येईना. शब्द नाही, कापडाची सळसळ नाही. आणि जे यायला हवं होतं, बोलून थांबलेल्या म्हाताऱ्या बाईच्या छातीतून ऐकू येतं ते, तेही नाही. चाळीस. खडूचे तुकडे तिच्या मुठीत भुगा होत होते. साठ.

नव्वदला तिच्या खांद्यावर, मागून, पितळेची एक हलकी टिचकी पडली.

तिनं वळून पाहिलं. सासूबाई उभ्या होत्या, दुसऱ्या हातात चहाचा कप, बशीत थोडा सांडलेला. त्यांनी अंगुस्तान घातलेलं बोट ओठांवर ठेवलं होतं. आणि त्यांची छाती वरखाली होत होती, धापांसारखी, मोठ्यानं, अगदी मोजता येईल इतकी.